अंधारातली सवलत

तुम्ही इंग्लंडात वाढला असाल तर हे कदाचित कानावर आलं असेल: तिथे रात्री हरिण मारणं गुन्हा आहे. 1991 च्या डिअर ॲक्टप्रमाणे सूर्यास्तानंतर एक तासाने बंदूक खाली ठेवायची, ती सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत. अपवाद फार थोडे. पण त्याच शेतात, त्याच रात्री, मालकाची परवानगी घेऊन आणि प्रखर दिवा लावून फॉक्स मारायला हरकत नाही. अमेरिकेतही अनेक राज्यांत हरिण आणि कोयोटी यांच्यात असाच भेद केलेला सापडतो. (फॉक्सला आपण बिनदिक्कत कोल्हा म्हणतो, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. इसापनीतीच्या भाषांतरांनी केलेला हा घोळ आता काही सुटायचा नाही.)

हाच भेद भारताच्या कायद्यातही होता. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्याच्या 17 व्या कलमात शिकारीचे नियम होते. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार बंद. कृत्रिम दिवा बंद. पाणवठ्यावर दबा धरून बसणं बंद. त्यातून सुटका फक्त भाट-तितर आणि पाणपक्ष्यांची. विष, फासे, खड्डे बंद. मात्र रात्र आणि दिवा या दोन बाबतींत एक फट ठेवली होती: मांसाहारी जनावर आपल्या भक्ष्यावर येणार असेल आणि परवान्यात तशी खास मुभा असेल, तर चालेल.

का? याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं उत्तर सोपं. बिबट्या किंवा वाघ मारलेल्या गुराकडे परत येतो तो बहुतेक अंधार पडल्यावर. त्याला गाठायचं तर मचाणावर रात्र काढावी लागते. रुद्रप्रयागचा बिबट्या आठवा. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर 1918 ते 1926 या काळात त्याच्या नावावर सरकारी मोजणीप्रमाणे 125 माणसं होती. जिम कॉर्बेटने त्याच्यासाठी सायनाइड वापरलं, लोखंडी सापळा लावला, दोन्ही फसलं. शेवटी 1926 मध्ये, गळ्यात घंटा बांधलेली शेळी खाली ठेवून, आंब्याच्या झाडावरून, रायफलीला लावलेल्या टॉर्चच्या क्षणभराच्या उजेडात त्याने गोळी झाडली. विष, सापळा, दिवा, रात्र: 17 व्या कलमाने पुढे ज्यांना मनाई केली त्यातल्या चार गोष्टी या एकाच कामगिरीत आहेत. तरी कॉर्बेटला कोणी चोरटा शिकारी म्हणत नाही.

दुसरं उत्तर जरा कडू आहे. साहेबांच्या शिकारीला एक संहिता होती: जनावराला पळायची संधी द्या, पाणवठ्यावर टपून बसू नका. गावचा शिकारी नेमका तिथेच बसायचा, कारण त्याच्याकडे हत्ती नव्हता, हाका करायला शे-दोनशे माणसं नव्हती, लांब पल्ल्याची रायफल नव्हती. म्हणून तो 'चोर' ठरला. शिकारी प्राण्यांना मात्र ही संहिता लागू नव्हतीच. 1912 च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याची यादी पाहा: हरणं, गवे, रानरेडे, गेंडे, ससेसुद्धा आहेत, वाघ नाही, बिबट्या नाही. त्यांना मारल्याबद्दल सरकार उलट बक्षीस देत असे. मला वाटतं 1972 च्या कायद्यातली ती फट या दोन्हींची वारस आहे: गावकऱ्याच्या खऱ्या भीतीची आणि साहेबांच्या सोयीची.

1991 च्या दुरुस्तीत 17 वं कलमच गेलं, कारण परवान्याची शिकारच संपली. उरलं 11 वं कलम: वाघ-बिबट्यासारखा प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन मारायची परवानगी देऊ शकतो, आणि स्वसंरक्षणात केलेला वध गुन्हा नाही.

पण रात्रीचा वाद काही संपला नाही. 2 नोव्हेंबर 2018 ला यवतमाळ जिल्ह्यात टी-1, म्हणजे अवनी वाघीण मारली गेली, ती रात्रीच. वनखात्याच्या म्हणण्याप्रमाणे तिने 13 माणसं मारली होती. तिला आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं, ती अंगावर आली, म्हणून गोळी झाडावी लागली. टीकाकारांचा पहिलाच सवाल होता: हे रात्री का? अंधारात बेशुद्ध केलेलं जनावर शोधणार कसं, आणि ती खरंच अंगावर आली हे पाहिलं कोणी? मुंबई-दिल्लीत निषेध झाले, त्या भागातल्या गावांत लोकांनी आनंद साजरा केला. बाहेरदेशी बसून यातली एकच बातमी तुमच्यापर्यंत आली असेल, बहुधा निषेधाची.

त्या गावांचं म्हणणं ऐकायचं तर थोडं पश्चिमेला, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडे या. तिथे उसात बिबटे राहतात, वितात. शेतीची वीज पाळीपाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन पाणी द्यायला रानात जावंच लागतं. कायदे लिहिणाऱ्यांनी रात्र ही जनावरांची आणि शिकाऱ्यांची वेळ धरली. ती मोटार चालू करायची वेळही असते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं. जुन्नरचे शेतकरी बंदोबस्त मागतात, पिंजरे मागतात. त्याच्याच जोडीने वर्षानुवर्षं आणखी एक मागणी करतात, जिचा वन्यजीव कायद्याशी वरकरणी काही संबंध नाही: शेतीला दिवसा वीज द्या.