तोफांसाठी खोदलेली वाट

उत्तर इटलीतील गार्दा सरोवराकाठचे डोंगर आज माउंटन बाइकस्वारांची पंढरी मानले जातात. तेथील वाटा ‘नैसर्गिक’ म्हणून वाखाणल्या जातात; प्रत्यक्षात त्यांतील नामांकित वाटा माणसांनी सुरुंग लावून काढलेल्या आहेत.

सरोवराच्या उत्तर टोकावरील रीवा 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. तेथून लेद्रो खोऱ्यात चढणारा पोनाले मार्ग 1851 मध्ये खुला झाला, तो व्यापारासाठी. मे 1915 मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि हेच खोरे आघाडीवर आले. ऑस्ट्रियाने तेथील रहिवाशांना घरेदारे सोडायला लावून दूर बोहेमियात धाडले. युद्ध संपेपर्यंत त्यांना परतता आले नाही.

इकडे त्रेमाल्झोच्या माथ्याकडे इटालियन सैन्याने बोगद्यांसह नागमोडी रस्ता खोदला. तोफा आणि रसद वर न्यायची, म्हणून चढ बेताचा ठेवावा लागला. आज सायकलस्वारांना तोच मानवतो!

पुढे बोगद्यातून नवा रस्ता झाला आणि पोनाले मार्ग वाहनांना बंद झाला. 2004 पासून तो पादचारी व सायकलस्वारांचा आहे. त्याच्या कड्यात ऑस्ट्रियन सैन्याने कोरलेला मोर्चा अजून आहे. सरोवराकडे पाहत जाणाऱ्यांच्या नजरेतून तो सहज निसटतो.