सांगाडा, इंजिन आणि मधले चार बोल्ट



मोटारीच्या अभ्यासक्रमात चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, हा एक विषय असतो आणि इंजिन हा दुसरा. पुस्तके निराळी, प्रश्नपत्रिका निराळी, पुष्कळदा शिकविणारेही निराळे. बैल वेगळा आणि गाडी वेगळी, ही जुन्या वाहनाची रीत मोटारीनेही दीर्घकाळ पाळली. इंजिनाने ओढावे, सांगाड्याने वाहावे. शर्यतीच्या गाडीत ही वाटणी कशी मोडली आणि ती मोडताना अभियंत्यांना नव्याने काय शिकावे लागले, एवढाच आजचा विषय आहे.

लोटस गाड्यांचे निर्माते कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. त्यांचा अभ्यास मोटारीचा नव्हता, बांधकामांच्या रचनाशास्त्राचा होता. गाडीकडे ते पुलाकडे पाहावे तसे पाहत. वजन पेलणे एवढेच सांगाड्याचे काम नव्हे. वळणावर तो पिळला जाता कामा नये. तो पिळला की चाकांचे कोन बदलतात, आणि मग सस्पेन्शनची सारी गणिते कागदावरच राहतात. तोवर शर्यतीच्या गाड्या पोलादी नळ्या जोडून बांधीत. १९६२ च्या ‘लोटस २५’ मध्ये चॅपमन यांनी नळ्या काढून टाकल्या आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून विमानाच्या धडासारखी पोकळ पेटी केली. दोन्ही कडांच्या पोकळीत इंधन, मध्ये जवळजवळ आडवा झालेला चालक. पेटी हलकी झाली, तरी पिळाला अधिक ताठ ठरली. जिम क्लार्क यांनी १९६३ चे जगज्जेतेपद याच गाडीवर मिळविले.

इंजिन मात्र अजून पाहुणाच होता. पेटीचे दोन बाहू मागे काढून त्यांत ते बसवावे लागे.

१९६६ पासून फॉर्म्युला वनच्या इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली आणि चॅपमन यांच्यापाशी योग्य इंजिन उरले नाही. त्यांनी कीथ डकवर्थ यांना गाठले. हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे पदवीधर, पूर्वी लोटसमध्येच काम केलेले. १९५८ मध्ये माइक कॉस्टिन यांच्यासह त्यांनी ‘कॉसवर्थ’ कंपनी काढली होती. पैसा फोर्डने दिला, एक लाख पौंड. एवढ्या रकमेत डकवर्थ यांनी आधी १६०० घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन केले, दर सिलिंडरला चार झडपा ठेवून. त्यावर हात बसल्यावर तशाच दोन रांगा नव्वद अंशांच्या कोनात जोडून आठ सिलिंडरांचे ‘डीएफव्ही’ सिद्ध केले. थेट मोठ्यावर झेप न घेता धाकट्यावर शिकून घेण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

चॅपमन यांची अट अशी होती की चालकाच्या पाठीशी पेटी संपावी आणि तेथून पुढे इंजिन हाच सांगाडा व्हावा. मागचे सस्पेन्शन इंजिन आणि गिअरबॉक्स यांनीच पेलावे. कल्पना अगदी नवी नव्हती. १९५४ च्या लान्चिया डी ५० मध्ये इंजिनाने काही भार उचलला होता, आणि १९६६ मध्ये बीआरएमच्या अवजड सोळा सिलिंडरी इंजिनावर चॅपमन यांनी हाच प्रयोग केला होता. पण त्या सांध्यासाठी मुळापासून विचार झाला तो येथे. इंजिन तापले की त्याची धातू फुगते. चारही जागी घट्ट आवळले तर ते पेटीला ताण देणार. म्हणून डकवर्थ यांनी खाली दोन बोल्ट दिले आणि वर दोन्ही बाजूंना पातळ पोलादी पट्ट्या. उभ्या भाराला या पट्ट्या ताठ, पण आडव्या फुगण्याला लवचिक. चार जागांच्या या सांध्यात चासीचा आणि इंजिनाचा असे दोन्ही विषय एकत्र आले.

४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे ‘लोटस ४९’ पहिल्यांदा शर्यतीत उतरली. क्लार्क यांनी ती गाडी त्या शर्यतीच्या सरावापूर्वी कधी चालविलीही नव्हती. तरी ते जिंकले. सर्वांच्या पुढून सुटलेले त्यांचे सहकारी ग्रॅहम हिल मात्र लवकरच थांबले. कॅमशाफ्ट फिरविणाऱ्या दातेरी चक्रांचे दात तुटले होते. मागाहून उघडले तेव्हा क्लार्क यांच्या विजयी इंजिनातही तुटलेले दात सापडले. हा भाग मला विजयाहून मोलाचा वाटतो. चक्रांवर येणारा सरासरी भार हिशेबात होता. झडपांच्या स्प्रिंगांमुळे उठणारी पिळाची कंपने त्याहून कितीतरी मोठी निघाली. पुढे डकवर्थ यांनी चक्राच्या तुंब्यातच बारीक, पीळ घेणाऱ्या दांड्या बसवून तो धक्का मुरविला. आवश्यक तेथे जाणूनबुजून लवचिकपणा ठेवायचा, हीच युक्ती त्यांनी सांध्यात आणि चक्रात वापरली.

चॅपमन यांचा ओढा मात्र हलकेपणाकडे होता, आणि त्याची किंमत चालकांनी मोजली. गाडी रस्त्याला दाबून धरण्यासाठी लोटस ४९ वर उंच पंख आले, तेही थेट मागच्या सस्पेन्शनवर उभे केलेले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या शर्यतीत हिल यांच्या गाडीचा पंख मोडला. काही फेऱ्यांनी जवळपास त्याच जागी योहान रिंट यांच्या गाडीचाही मोडला. ते जखमी झाले. त्यानंतरच्या मोनॅको शर्यतीच्या वेळीच उंच पंखांवर बंदी आली. पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, मोन्झा येथे सरावात ‘लोटस ७२’ च्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला, गाडी कठड्यावर आदळली आणि रिंट यांचा अंत झाला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

१९६८ पासून डीएफव्ही इतर संघांनाही मिळू लागले. १९६९ आणि १९७३ या दोन्ही वर्षांतील जगज्जेतेपदाची प्रत्येक शर्यत या इंजिनाने जिंकली. १९८३ मधील डेट्रॉइटचा विजय या घराण्याचा शेवटचा, १५५ वा. तोवर पेटीचे साहित्यही बदलले होते. १९८१ मध्ये मॅकलॅरनने जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यावर कार्बन तंतूंची पेटी केली, तेव्हा तिच्या मागेही डीएफव्हीच होते.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले आज एकआसनी शर्यतगाडी स्वतः बांधून स्पर्धांत उतरवितात. बहुधा त्यांचे इंजिन मोटारसायकलचे असते, मूळच्या दुसऱ्याच सांगाड्यासाठी केलेले. ते नळ्यांच्या चौकटीत कोठे आणि कसे धरायचे, हे कोणत्याच एका विषयाच्या पुस्तकात सापडत नाही. मग चासीवाली मुले आणि इंजिनवाली मुले रात्री उशिरा एकाच बोल्टाभोवती वाद घालीत बसतात.