जुनी मोटार आणि मेस्त्रीचें निदान

यंत्रांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडून गेली आहे. यंत्र कोणीं शोधिलें, कोणत्या धनिकानें त्याचा कारखाना काढला आणि तें प्रथम कोणत्या शहरांत आलें, इतकें सांगितलें म्हणजे इतिहासकार आपली लेखणी खालीं ठेवतो. तें यंत्र पुढें बंद पडलें तेव्हां काय झालें, हें लिहिण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहीं. वास्तविक यंत्राचें आयुष्य कारखान्यांत थोडें आणि कारखान्याबाहेर फार. मोटार तर जन्मते एकदां आणि दुरुस्त होते शंभरदां. या दुसऱ्या, बहुतांशीं अलिखित राहिलेल्या इतिहासाचा एक तुकडा प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

त्यासाठीं स्थळ घेतलें आहे कबनूर. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतलें हें गांव इचलकरंजीला इतकें खेटून आहे, कीं एकाची शीव कोठें संपली आणि दुसऱ्याची कोठें लागली हें परक्या माणसास चटकन् सांगतां येऊं नये. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं तेथें पहिला यंत्रमाग बसविला. त्या मागांची खटखट पुढें आसपासच्या गांवांत पसरली आणि कबनुरांतही पोंचली. आतां जेथें गल्लोगल्लीं यंत्र आलें, तेथें यंत्र दुरुस्त करणारा माणूसही आलाच. धोटा कोठें अडखळतो हें मागावरचा जुना जॉबर मागाला हात लावण्यापूर्वीं आवाजावरून सांगे. जवळच्या कोल्हापुरांत म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनीं कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीवांचून इंजिनांच्या कामांत नांव मिळविलें होतें. कानानें ऐकावें, हातानें चांचपावें आणि मग पाना उचलावा, ही शिस्त या मुलखांत मोटारीच्या आधींपासून रुजलेली होती. मोटार आली ती या तयार जमिनींत आली.

स्वातंत्र्योत्तर काळांत डॉक्टर, वकील, सुताचे व्यापारी अशा मंडळींच्या दारांत जी छोटी मोटार उभी राहूं लागली, ती पुष्कळदां फियाट असे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ सालीं तिचा कुर्ल्याचा कारखाना सुरू झाला. १९५४ पासून तेथें फियाट ११०० तयार होऊं लागली. तिचीच पुढली आवृत्ति १९७४ सालीं प्रीमियर पद्मिनी या नांवानें प्रसिद्धीस आली. या गाडीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. हीं मापें आणि हा आकार मूळचा ट्यूरिनचा. दान्ते जियाकोसा या इटालियन अभियंत्याच्या १९३७ सालच्या गाडींत तीं प्रथम दिसलीं. इटलीनें ही अकराशें जातीची गाडी १९६९ सालीं सोडून दिली. कुर्ल्याच्या कारखान्यानें मात्र तोच सांगाडा आणि तेंच इंजिन १९९० नंतरच्या दशकांतही चालू ठेविलें. नवरदेव बदलत गेले, वरातीची गाडी मात्र तीच राहिली, असा हा प्रकार होता.

असें कां झालें, याचें उत्तर सरकारी धोरणांत सांपडतें. १९५१ सालच्या उद्योगविषयक कायद्यानें कारखान्यांस परवान्याचें बंधन आलें. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें असें ठरविलें, कीं ज्यांस येथेंच सुटे भाग तयार करावयाचे आहेत त्यांनींच मोटारी कराव्या. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीं लवकरच आपला बाडबिस्तरा आवरला. मागें राहिलेल्या दोनतीन कारखान्यांस स्पर्धेचें भय उरलें नाहीं, आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहूं लागलें. ज्या मनुष्यास नवी गाडी मिळावयाची नाहीं, त्यास जुनी गाडी टिकवावीच लागते. दुरुस्तीच्या या विद्येचा जन्म हौसेंतून झालेला नाहीं. तो टंचाईंतून झालेला आहे.

परंतु या टंचाईचा एक अनपेक्षित लाभ झाला. तीस-चाळीस वर्षें गाडी बदलली नाहीं, म्हणून तिच्या रोगांची यादीही बदलली नाहीं. मेस्त्रीनें उमेदवारींत जो रोग एकदां ओळखला, तो त्याच्या म्हातारपणापर्यंत उपयोगीं पडला. बापानें शिकलेलें मुलाच्या हातीं जसेंच्या तसें आलें. ही विद्या कशी होती, हें थोडें तपशिलानें पाहणें जरूर आहे.

सकाळीं गाडी सुरू होत नाहीं, अशी तक्रार आली म्हणजे मेस्त्री तीन प्रश्न विचारी: पेट्रोल येतें काय, ठिणगी पडते काय, आणि हवा योग्य प्रमाणांत मिळते काय? पेट्रोलाचा तपास पंपापासून. फियाटचा पंप इंजिनाच्याच गतीनें हलणारा, आंत एक लवचिक पडदा असलेला. पडदा फाटला कीं पेट्रोल चढत नाहीं. पंप ठीक निघाला तर कार्ब्युरेटर उघडावयाचा. त्यांतील जेटचें छिद्र इतकें बारीक, कीं टांकीच्या तळाचा गाळ त्यांत सहज अडकतो. तें फुंकून साफ करावयाचें; तार मात्र घालावयाची नाहीं, कारण तारेनें छिद्र रुंदावलें कीं गाडी कायमची अधिक पेट्रोल पिऊं लागते.

ठिणगीचा तपास डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून होई. आंतील दोन पॉइंटांमध्यें अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् कमी अंतर हवें. तें झिजून बदलतें, किंवा पॉइंटांची तोंडें जळून काळीं पडतात. बारीक पॉलिशपेपरानें तीं घांसून अंतर पुन्हां लावलें म्हणजे बहुतेक वेळां काम भागतें. परंतु नवे पॉइंटही आठवड्याभरांत जळूं लागले, तर शहाणा मेस्त्री पॉइंटांस दोष न देतां शेजारचा कंडेन्सर बदली. रोगाचें चिन्ह एकीकडे आणि कारण दुसरीकडे, हा धडा या धंद्यांत फार लवकर मिळतो.

चारांपैकीं एक सिलिंडर काम करीत नसला म्हणजे गाडी धक्के देत चालते. त्यास गॅरेजांत 'मिसिंग' म्हणतात. त्याची परीक्षा अगदीं सोपी. चालू इंजिनावर एकेका प्लगची तार क्रमानें बाजूस करावयाची. तार काढतांच इंजिनाचा सूर पडला, तर तो सिलिंडर निरोगी. कांहींच फरक पडला नाहीं, तर रोगी तोच. मग प्लग काढून त्याचें तोंड पाहावयाचें. वैद्य जशी जीभ पाहतो, तसा हा प्रकार आहे. विटकरी-तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. ओलसर तेलकटपणा म्हणजे दट्ट्याच्या रिंगा झिजल्या. मागील नळींतून निघणारा धूरही असाच बोलका. काळा धूर जादा पेट्रोलाचा, निळा जळणाऱ्या तेलाचा. आणि इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल, तर हेड गॅसकेट फुटून पाणी आंत शिरत आहे असें समजावें. अशा वेळीं तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेल दुधाळ झालेलें दिसतें.

या भागांतील प्रवाशांस सर्वांत अधिक छळणारा रोग उन्हाळ्याचा. कोंकणांत उतरलेली गाडी परततांना आंबाघाट किंवा गगनबावड्याची चढण चढूं लागली, कीं मध्येंच गुदमरून थांबे. इंजिनाच्या आंचेनें पंपांतील आणि नळींतील पेट्रोलाची वाफ होई, आणि वाफ ढकलणें पंपास साधत नसे. उपाय म्हणजे सावलींत गाडी उभी करून पंपावर ओलें फडकें ठेवणें आणि अर्धा तास थांबणें. ज्या कुटुंबांत फियाट होती, त्या कुटुंबांतील मुलांस घाटांतला हा अर्धा तास बहुधा आठवत असेल. पाण्याचा तांब्या आणि जुनें धोतर गाडींत ठेवल्यावांचून जाणती माणसें प्रवासास निघत नसत.

येथवर स्तुति झाली. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें दोषही सांगितले पाहिजेत. गाडी तापते म्हणून इंजिनांतील थर्मोस्टॅट काढून फेंकून देण्याची चाल पुष्कळ गॅरेजांत होती. खरा दोष विहिरीच्या जड पाण्यानें रेडिएटरांत सांचलेल्या क्षारांचा किंवा पंख्याच्या सैल पट्ट्याचा असे. थर्मोस्टॅट काढल्यानें त्या दिवसापुरती गाडी थंड राही. पण इंजिन योग्य उष्णतेस उशिरां पोंचून पेट्रोल अधिक खाई आणि आंतून लवकर झिजे. फ्यूज उडाला तर त्याच्या जागीं जाड तार बसविणें हाही असाच एक घातक उपाय. टंचाईनें कारागिराला कल्पक केलें हें खरें. तिनेंच त्याला निष्काळजीपणाही शिकविला, हेंही तितकेंच खरें.

या इतिहासाची खरी मेख मात्र कबनूरच्या शेजारींच आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं स्वतःच्या कल्पनेनें दोन माणसांची एक छोटी मोटार तयार केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या ते पुढें पंचवीस वर्षें करीत राहिले. 'मीरा' या नांवानें ती ओळखली जाई, आणि सुमारें १२,००० रुपयांत ती सामान्य माणसास द्यावी असा त्यांचा संकल्प होता. तिच्यांत पोलादी स्प्रिंगांच्या जागीं रबराचा उपयोग केलेला होता. पाटे तुटणें आणि ग्रीस सुकणें या ज्या तक्रारी घेऊन गाड्या गॅरेजांत येतात, त्यांचें मूळच काढून टाकणारी ही योजना होती. दुरुस्तीची विद्या आणि रचनेची विद्या या दोन वस्तु नसून एकाच विद्येचीं हीं दोन टोंकें आहेत, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. काय मोडतें हें ज्याला कळलें, त्यालाच काय मोडूं नये हें सुचतें.

मीरा कारखान्यांत कधींच तयार झाली नाहीं. नव्या गाडीच्या उत्पादनास परवाना लागे, भांडवल लागे, आणि दिल्लीदरबारीं वजन लागे. येथें आपल्या इतिहासांतील एक विलक्षण विसंगति दृष्टीस पडते. ज्या परवाना-पद्धतीनें फियाट बदलूं दिली नाहीं आणि त्यामुळें शेंकडों मेस्त्रींचें ज्ञान पक्कें केलें, त्याच पद्धतीनें मीरेची वाट अडविली. दुरुस्त करणाऱ्या हातांस तिनें तीस वर्षें काम पुरविलें. परंतु त्यांतलाच एक हात निर्मितीकडे वळला, तेव्हां तिनें त्यास दार उघडलें नाहीं. जुन्या मोटारींच्या आठवणींनीं गहिवरणाऱ्यांनीं हिशेबाची ही दुसरी बाजू विसरतां कामा नये.

पुढील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० रस्त्यावर आली. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन आणि पुढील चाकांस गति देणारी रचना, हें सर्व नवें होतें. मेस्त्रींनीं तेंही आत्मसात् केलें. वळणावर चाकांतून 'कट्कट्' आवाज आला म्हणजे धुरीच्या सांध्यावरचें रबरी आवरण फाटून ग्रीस वाहून गेलें, हें तें लहान पोरही सांगूं लागलें. १९९३ सालीं मोटार-उद्योगावरील परवाना उठला आणि नवनव्या गाड्यांची रीघ लागली. त्यानंतर कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेले, आणि त्यांच्या जागीं विजेच्या इशाऱ्यावर चालणारी यंत्रणा आली. या गाड्या अधिक भरंवशाच्या आहेत, कमी धूर सोडतात, घाटांत गुदमरत नाहींत; हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण त्या आजारी पडल्या तर दिव्याच्या खुणेनें सांगतात, आणि ती खूण वाचण्यास कानाऐवजीं संगणक लागतो.

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळें ऑक्टोबर १९२३ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ऑक्टोबर २०२३ अखेर, निवृत्त झाली. खासगी जुन्या गाड्या पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पुन्हां नोंदवितां येतात. परंतु त्यांच्यापुढें आतां नवेंच संकट उभें आहे. पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलें जातें. तें ओलावा शोषून घेतें, आणि जुन्या पंपांतील रबरी पडदे व नळ्या त्यास टिकत नाहींत. पंचगंगेच्या कांठचा ऊस आणि तेथील साखर-कारखाने यांचा या इथेनॉलाशीं निकटचा संबंध आहे. ज्या मुलखानें या गाड्या जगविल्या, त्याच मुलखाच्या पिकानें त्यांच्या नळ्या कुजाव्या, हा योग चमत्कारिक खरा. तरी जाणता मेस्त्री येथेंही हात टेंकीत नाहीं. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे भाग बसवावे, आणि गाडी महिनोंमहिने उभी ठेवावयाची असेल तर टांकींत जुनें पेट्रोल ठेवूं नये, असें तो सांगतो.

या विद्येचें पुढें काय व्हावें, हा प्रश्न केवळ जुन्या मोटारींच्या हौशी मालकांचा नाहीं. आपल्या घरांतलें यंत्र आपल्याला कितपत उमगतें, तें उघडण्याचा अधिकार आणि धैर्य आपल्यापाशीं आहे कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे. फियाटचे मालक कांहीं सारेच यंत्रशास्त्रज्ञ नव्हते. पण प्लगचा रंग पाहून दोन शब्द बोलण्याइतकी ओळख त्यांस होती, आणि त्यामुळें मेस्त्रीशीं त्यांचें बोलणें जाणत्याशीं जाणत्याचें होई. असो. कबनूर-इचलकरंजीच्या वाटेनें जाणाऱ्या वाचकांस एकादी जुनी पद्मिनी झांकण उघडून उभी दिसली, तर त्यांनीं घटकाभर थांबावें आणि आंत वांकलेला माणूस प्रथम काय विचारतो तें ऐकावें. बहुधा तो पेट्रोलापासूनच आरंभ करील.