पवित्र अवशेष आणि यात्रेची आठवण

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन जुन्या गोव्यात नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ ह्या काळात पार पडले. तेथून परतताना भाविकांनी जपमाळा, पदके, तसबिरी आणल्या. ह्यांतील कशाला ‘अवशेष’ म्हणावे?

संताचा देह, अस्थी वा रक्षा हा मुख्य अवशेष होय. त्याने वापरलेली वस्त्रे व वस्तू दुसऱ्या श्रेणीत येतात. अवशेषाला स्पर्श केलेल्या कापडाला परंपरेने तिसरी श्रेणी दिली आहे. दुकानातून घेतलेले पदक ह्यांपैकी काहीच नव्हे. आशीर्वादित केल्यावर ती भक्तीची पवित्र वस्तू होते, एवढेच.

ही प्रथा प्राचीन आहे. दुसऱ्या शतकात स्मर्नाच्या ख्रिस्ती लोकांनी रक्तसाक्षी संत पॉलिकार्प ह्यांच्या अस्थी गोळा करून जतन केल्या. सहाव्या शतकातील यात्रेकरू पवित्र भूमीतून तेलाच्या धातूच्या लहान कुप्या आणीत. त्यांतील काही आजही इटलीतील मोंझा येथे आहेत. ‘प्रेषितांची कृत्ये’ (१९:११-१२) मध्ये पौलाच्या रुमालांनी रोगी बरे झाल्याचे वाचतो. मात्र तेथे अद्भुत कृत्ये करणारा परमेश्वर आहे, रुमाल नव्हे. हे विसरले की पदकाचा ताईत व्हायला वेळ लागत नाही.

भक्तीचा अतिरेकही झाला आहे. संत झेवियर ह्यांच्या पायाचे बोट एका भाविक स्त्रीने दाताने तोडून नेले, असे परंपरा सांगते! त्यांचा उजवा हात मात्र वरिष्ठांच्या आज्ञेने १६१४ साली रोमला नेण्यात आला. तो जेझू चर्चमध्ये आहे.

पवित्र अवशेषांची विक्री ख्रिस्तसभेच्या कायद्याने (कलम ११९०) पूर्णतः निषिद्ध आहे. इंटरनेटवर ‘अस्सल अवशेष’ किंमत लावून विकले जातात. ते ‘सोडवून आणण्याच्या’ सद्हेतूनेही घेऊ नयेत. त्याने बाजारच वाढतो. रोमने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार अधिकृत प्रमाणपत्राशिवाय अवशेष सार्वजनिक वंदनासाठी ठेवता येत नाही.

तुटलेली जपमाळ कचऱ्यात टाकू नये. ती पुरावी, जळण्याजोगे असेल ते जाळून राख मातीत मिसळावी. घरात आजीच्या पेटीत एखादी जुनी अवशेषाची डबी सापडली, तर तिचा लाल दोरा व लाखेची मोहर तोडू नका. सोबत लॅटिन भाषेतील कागद असल्यास तो डबीसहच आपल्या धर्मगुरूंना दाखवावा.