बालअत्याचाराची खबर : परिचारिकांचे कर्तव्य आणि दिव्यांग पालक

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अपराध झाल्याचे माहीत असलेल्या, किंवा तो होईल अशी धास्ती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. परिचारिका, आरोग्यसेविका, आशा यांना सूट नाही. पालक अंध, कर्णबधिर वा मनोरुग्ण असले तरीही नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल दायित्व येत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घातले की काम संपले, असा समज आढळतो; कलमात नाव आहे ते पोलिसांचे.

या बाबतीतला महत्त्वाचा निकाल विदर्भातल्या एका प्रकरणातला आहे. राजुरा (जि. चंद्रपूर) येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींवरच्या अत्याचारांच्या प्रकरणात, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरवला आणि माहिती असूनही गप्प राहणे हा गंभीर गुन्हा ठरवला. कलम ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणते, म्हणून परिचारिकांनीही हा निकाल आपल्याविषयीच आहे असे समजावे.

उपासमार, आबाळ, दुर्लक्ष यांबाबत मार्ग वेगळा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३१ मध्ये परिचारिकेचा नावानिशी उल्लेख असून तिला असे मूल बालकल्याण समितीपुढे नेता येते. पालक सांभाळ करण्यास असमर्थ आहेत की नाहीत, हे ठरवणे समितीचे काम, परिचारिकेचे नव्हे. आईला दिसत नाही, एवढ्यावरून आबाळ सिद्ध होत नाही. नोंदीत वजन, जखमा, चुकलेल्या लसी आणि मुलाचे स्वतःचे शब्द यावेत. ‘आई वेडसर’ असला शेरा नको. कर्णबधिर आईशी सांकेतिक भाषेच्या जाणकारामार्फत बोलावे, ज्याच्यावर संशय आहे त्या नातलगामार्फत कदापि नाही.

भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे कलम २३ पालकांच्या अपंगत्वावरून मुलाची ताटातूट करण्यास मनाई करते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ९ मात्र दिव्यांग मुलापुरतेच बोलते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे, उपचारांसाठी दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही.

पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशीम) हे बंजारा समाजाचे तीर्थस्थान असून तेथे रामनवमीला मोठी यात्रा भरते. अशा गर्दीत हरवलेले वा एकटे सापडलेले मूल आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ताब्यात आल्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ नुसार चोवीस तासांत कळवावे लागते. आईवडील कर्णबधिर असल्यास त्यांना पुकारा ऐकू जात नाही. म्हणून ते आले नाहीत यावरून मूल टाकून दिले असे लिहू नये. बंजारा तांड्यांवर जाताना त्यांची गोरमाटी बोली जाणणारी आशा सोबत असावी.

मदतवाहिनी : १०९८.