प्रतिपिंडाच्या वाटेने औषध : एका कल्पनेचा शतकभराचा प्रवास

औषध केवळ रोगग्रस्त पेशींपर्यंत पोहोचावे, निरोगी पेशींना त्याची बाधा होऊ नये, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडली. अशा औषधाला त्यांनी ‘जादूची गोळी’ म्हटले. ही कल्पना प्रत्यक्षात येण्यास दोन साधनांची गरज होती. १९६० च्या दशकात ॲलेक बँगहॅम यांनी स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म पोकळ गोलकांचा, म्हणजेच लायपोसोमचा, अभ्यास केला. त्यांत औषध भरता येते. १९७५ मध्ये कोलर व मिल्स्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी एकसारखी प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधली. लायपोसोम हे वाहन झाले, तर प्रतिपिंड हा पत्ता.

या दोहोंची सांगड भारतातही घातली गेली. मलेरियाग्रस्त तांबड्या पेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचे तुकडे लायपोसोमवर बसवून मोहम्मद ओवैस, सी. एम. गुप्ता व सहकाऱ्यांनी त्यांतून उंदरांना क्लोरोक्विन दिले. क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरियाही त्यामुळे आटोक्यात आल्याचे त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. डॉ. ओवैस यांनी पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात अध्यापन व संशोधन केले.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली वेगळे काम झाले. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशी व काळा आजार यांवरील प्रभावी, परंतु मूत्रपिंडास अपायकारक औषध. लायपोसोममध्ये भरल्यावर त्याचा अपाय कमी झाला. येथे प्रतिपिंडाची गरज भासली नाही. रक्तातील परके कण यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात आणि काळा आजाराचा परजीवी नेमका याच पेशींत दडलेला असतो.

कर्करोगात मात्र हीच शरीरक्रिया आड येते. गाठीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बरेचसे कण यकृतात अडकतात. प्रतिपिंड पेशीला चिकटते. पेशीपर्यंत वाट काढून देत नाही. स्तनाच्या कर्करोगावरील ‘एमएम-३०२’ या प्रतिपिंडयुक्त लायपोसोमची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली.

२०२१ मध्ये कोविडपाठोपाठ काळ्या बुरशीचा आजार महाराष्ट्रात पसरला, गोव्यातही रुग्ण आढळले. त्या वेळी लायपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिनचा देशभर तुटवडा पडला. मांद्र्याच्या गंभीर रुग्णाला बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. तेथे औषधच नसेल, तर त्याची अचूकता निरुपयोगी ठरते. म्हणून हा इतिहास शिकवताना प्रयोगशाळेबरोबरच औषधाचे उत्पादन, किंमत व पुरवठा यांचाही विचार विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.