वैतरणा ऊर्फ वीजळी

दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला गेले, की पाहुण्यांची परतीची लगबग सुरू होते. ती पाहिली की दरसाल मला एका आगबोटीची आठवण येते. सन १८८८ च्या दिवाळीनंतर ती कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि पोहोचलीच नाही.

तिचे कागदोपत्री नाव ‘वैतरणा’. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणाऱ्या आपल्या नदीचे हे नाव. मेल्यावर ओलांडायची नदीही जवळजवळ याच नावाची. पण नाव ठेवताना ते कुणाच्या मनात येणार? १८८५ साली स्कॉटलंडात बांधलेली ही पोलादी बोट मुंबईच्या शेफर्ड कंपनीची. उतारू आणि माल घेऊन ती कच्छ–मुंबई फेऱ्या करी. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी केवढे नवल! किनाऱ्यावरचे लोक तिला ‘वीजळी’ म्हणू लागले आणि तेच नाव उरले.

८ नोव्हेंबरला, कार्तिक शुद्ध पंचमीला, कप्तान हाजी कासमने दुपारी मांडवी सोडली. द्वारकेला आणखी उतारू चढले. सगळी मिळून सातशेच्या वर माणसे झाली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, तशीच मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेली मुलेही होती. पोरबंदरला हवा फार बिघडली. बोट तिथे न थांबता पुढे गेली, आणि मांगरोळच्या बाजूला वादळात सापडली. मग ती कुणाच्याच दृष्टीस पडली नाही. शोधाला आगबोटी धाडल्या. एक फळकूटही हाती लागले नाही. पुढे सरकारी चौकशी झाली, तेव्हा जीव वाचवण्याची साधने अपुरी होती असे ठरले. विजेचे दिवे होते. होड्या मात्र पुरेशा नव्हत्या!

गुजरातेत या बोटीवर शोकगीते झाली. गुणवंतराय आचार्य यांनी १९५४ साली कादंबरी लिहिली. मीही कादंबऱ्या लिहितो. पण वीजळीवर लिहायला बसलो की माझी लेखणी वादळापर्यंत जातच नाही. ती त्या मुलांपाशी अडते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले. त्या परीक्षेपायी घरचे काय काय पणाला लावतात, हे मी जाणतो. पोटाला चिमटा घेऊन कुणी बापाने तिकिटाचे पैसे जमवले असतील, कुणा आईने फराळातले उरलेले लाडू पुरचुंडीत बांधून दिले असतील.

आता मी शिक्षक आहे. परीक्षेच्या सकाळी मुलांना एस. टी.त बसवून देतो. पेन घेतले का, ओळखपत्र घेतले का, सगळे विचारून होते. तरी गाडी हलताना खिडकीशी जाऊन पुन्हा सांगतो, “पोहोचलात की कळवा रे.”

मुले हसतात. हसू देत.